उन्हाची उसनवारी
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



दरवर्षी वर्धापनदिनी आपल्यापैकी एका सभासद भगिनीने एखाद्या विषयावर बोलावे असा आपल्या मंडळाचा प्रघात आहे. यंदा कार्यकारिणीने माझे नाव सुचवले आणि विषयही ठरवून दिला, 'स्वच्छ वीज आणि देशोदेशींचे सहकार्य'. माझे शिक्षण सातवीपर्यंत. हा विषय एखाद्या प्राध्यापिकाबाईंना द्यावा असे मी म्हणून पाहिले. त्यावर चिटणीसबाई म्हणाल्या, "घरात विजेचं बिल कोण वाचतं?" मी म्हटले, "मीच." "मग झालं तर!" असे म्हणून त्यांनी कार्यक्रमपत्रिकेत माझे नाव घालूनही टाकले. तेव्हापासून गेले दोन महिने दुपारी वाचनालयात जाऊन मी वाचत होते. इंग्रजीतले थोरल्या मुलीने वाचून सांगितले. त्यातले मला जे समजले तेवढेच सांगणार आहे.

प्रथम कार्बनचे. जुन्या शास्त्राच्या पुस्तकांत याला कर्बद्विप्राणिल वायू म्हणत. तो शब्द उच्चारता उच्चारताच निम्मी मुले शास्त्र सोडून देत असतील. आता सरळ कार्बन डायऑक्साइड म्हणतात. कोळसा, रॉकेल, पेट्रोल, गॅस, काहीही जाळले की तो निघतो, वर जाऊन हवेत राहतो आणि गोधडीप्रमाणे पृथ्वीची ऊब धरून ठेवतो. गोधडी पाहिजेच, नाही तर पृथ्वी गारठून जाईल. पण वैशाखात गोधडीवर गोधडी घातली तर काय होईल? तसे चालले आहे. आपल्या घरी जी वीज येते ती अजूनही मोठ्या प्रमाणावर कोळसा जाळून होते. आपल्या देशात सरासरीने एक युनिट विजेमागे सुमारे पाऊण किलो हा वायू हवेत जातो. धूर दिसत नाही, कारण चूल चंद्रपूरला किंवा कोराडीला आहे आणि भांडे आपल्याकडे आहे.

आता या वायूला गावाची वेस नसते. डोंबिवलीचा धूर डोंबिवलीत राहत नाही आणि अमेरिकेचा अमेरिकेत राहत नाही. अमेरिकेत दर माणसामागे वर्षाला सुमारे चौदा टन हा वायू सोडला जातो, आपल्याकडे सुमारे दोन टन. म्हणजे एका चाळीत एक बिऱ्हाड दिवसभर शेगडी पेटवून बसले आहे आणि धूर मात्र साऱ्या चाळीच्या डोळ्यांत जातो आहे. भांडून धूर कमी होत नाही. बिनधुराची शेगडी कशी करायची ते एकाने दुसऱ्याला सांगावे लागते, आणि ज्याच्याजवळ पैसे नाहीत त्याला उसने द्यावे लागतात. आजच्या विषयाचा गाभा मला तरी एवढाच दिसला.

याचे उदाहरण शोधायला मला लांब जावे लागले नाही. आपल्यातल्या निम्म्या भगिनींचे यजमान, मुलगे, सुना रोज ज्या गाडीने जातात, ती आपली लोकल हेच ते उदाहरण.

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली आगगाडी आली, हे आपण शाळेत शिकलो. पुढच्याच वर्षी ती कल्याणपर्यंत आली. इंजिने विलायतेची, पोटात कोळसा. त्यानंतर ३ फेब्रुवारी १९२५ रोजी बोरीबंदर ते कुर्ला अशी पहिली विजेची गाडी धावली. २०२५ मध्ये तिची शंभरी झाली. पुढे विजेची तार कल्याणवरून घाटांत गेली. घाटांत गाड्या ओढणारी काही इंजिने स्वित्झर्लंडच्या बनावटीची होती. त्यांना रेल्वेची माणसे खेकडा म्हणत. पण वीज आली म्हणून कोळसा गेला असे कोणी समजू नये! रेल्वेने आपल्या ठाकुर्लीला, चोळे गावाजवळ, स्वतःचे वीजघर उभारले. ते कोळशावरच चाले. इंजिनातला कोळसा ठाकुर्लीच्या भट्टीत आला, इतकेच. त्या वीजघराची राख पडवीत येऊन बसत असे, असे आमच्या सासूबाई सांगत. आता ते वीजघर बंद होऊन पुष्कळ वर्षे झाली, तरी जुनी मंडळी अजून पत्ता सांगताना 'पॉवरहाउस' म्हणतात.

जुन्या लोकलचा ब्रेक कसा लागे ते आपल्याला आठवत असेल. लोखंडाचे ठोकळे चाकावर घासत, करकर आवाज होई आणि फलाटावर जळका वास येई. एवढी मोठी गाडी जोरात पळवायला जी वीज खर्ची पडे, ती पुढच्या स्टेशनात निव्वळ घासून उष्णतेत जाई. दोन मिनिटांनी पुन्हा तेच. कल्याण ते बोरीबंदर पंचविसावर स्टेशने, दिवसाला शेकडो गाड्या. दूध तापवून मोरीत ओतावे तसाच हा प्रकार.

२००२ साली जागतिक बँकेने मुंबईच्या रेल्वे सुधारण्यासाठी कर्ज मंजूर केले आणि त्यातून नव्या लोकल आल्या. २००७ च्या अखेरीपासून त्या धावू लागल्या. डबे मद्रासच्या, म्हणजे चेन्नईच्या कारखान्यात झाले आणि विजेची यंत्रे जर्मनीच्या सीमेन्स कंपनीची. पुढे कॅनडाच्या बॉम्बार्डियर कंपनीच्या यंत्रांच्या गाड्याही आल्या. या गाड्यांत ब्रेक लावला की मोटर उलटे काम करू लागते. आपल्या लहानपणी सायकलीला डायनॅमो असे, आठवते का? तो चाकाला टेकवला की दिवा लागे, पण सायकल जड होई. पायडल मारणाऱ्याला दम लागे, कारण त्याचीच शक्ती वीज होऊन दिव्यात जाई. लोकलचे तसेच. चाके मोटरला फिरवतात, मोटर वीज तयार करते, आणि त्या ओझ्याने गाडी हळू होते. अगदी थांबताना तेवढे घासणारे ब्रेक लागतात. तयार झालेली वीज वरच्या तारेत परत जाते आणि जवळपास जी गाडी सुटत असेल ती उचलून घेते. म्हणजे डोंबिवलीला गाडी थांबता थांबता ठाकुर्लीहून सुटणाऱ्या गाडीला ढकलत असते! जवळ गाडी नसेल तर वीज उपकेंद्राकडे मागे जाते. या रीतीने तीस ते पस्तीस टक्के वीज वाचते असे रेल्वे सांगते. मला हे वाचून इतकी मौज वाटली की त्या दिवशी मी 'ह्यां'ना भाजी वाढायची विसरले.

याच्या जोडीने आणखी एक काम झाले. पूर्वी आपल्या तारेत पंधराशे व्होल्टची वीज असे, ती बदलून पंचवीस हजार व्होल्टची केली. कमी दाबाने पुष्कळ पाणी आणायचे तर जाड नळ लागतो आणि गळतीही फार. दाब जास्त असला की बारीक नळातून काम भागते, तसे काहीसे आहे. धावत्या लाइनीवर हे काम रात्रीचे तास दोन तास मिळवून करायचे होते. अर्ध्या मार्गावर जुनी वीज आणि अर्ध्यावर नवी असे बरेच दिवस चालले, म्हणून दोन्हींवर चालतील अशा गाड्या मुद्दाम करून घेतल्या होत्या. मध्य रेल्वेचा मुख्य मार्ग २०१५ साली पुरा झाला, हार्बर २०१६ साली. दर रविवारी मेगाब्लॉक म्हणून आपण जी बोटे मोडत होतो, त्यातल्या काही रविवारी हे काम चालले होते.

आता हे सारे कोणी धर्मार्थ केले असे समजू नका. जागतिक बँकेचे पैसे हे कर्ज. ते फेडण्यासाठी आपल्या तिकिटावर अधिभार बसला. जर्मन कंपनीने यंत्रे विकली, फुकट दिली नाहीत. माझ्या मते यात वाईट काही नाही. शेजारणीकडून वाटीभर साखर आणली तर परत करताना आपण शीग लावून देतोच. मिंधेपणा राहिला नाही की येणेजाणे टिकते.

पण एक बोलल्यावाचून राहवत नाही. वीज वाचली, गर्दी काही वाचली नाही. ९ जून २०२५ रोजी मुंब्र्याजवळ धावत्या गाड्यांतून पडून माणसे दगावली. त्या दिवशी आपल्या कितीजणींनी घरी फोनावर फोन केले असतील! तुम्ही म्हणाल, याचा कार्बनशी काय संबंध? आहे. लोकलइतके थोड्या विजेत इतकी माणसे नेणारे वाहन दुसरे नाही. पण जीव मुठीत धरून जावे लागते म्हणून ज्याला परवडते तो मोटार घेतो, न परवडणारा कर्ज काढून मोटारसायकल घेतो आणि शिळफाट्यावर तास तास धूर सोडत उभा राहतो. गाड्या वाढवणे, दारे लावणे हीसुद्धा हवा स्वच्छ करण्याचीच कामे आहेत. परदेशी परिषदांत हे कोणी बोलत असेल की नाही, शंका आहे.

ब्रेकच्या विजेची आणखी एक गोष्ट दिल्लीची आहे. १९९७ साली जपानमधील क्योटो शहरी देशोदेशींचा एक करार झाला आणि २००५ साली तो अमलात आला. त्यात श्रीमंत देशांनी धूर कमी करण्याचे आकडे मान्य केले. ज्याला स्वतःच्या घरी तेवढे जमणार नाही, त्याने गरीब देशात कोणी धूर कमी केला असेल तर त्याचा दाखला विकत घ्यावा, अशी सोय ठेवली होती. दिल्लीची मेट्रो जपानच्या कर्जातून उभी राहिली. तिनेही ब्रेकमधून वीज परत मिळवली, आणि २००७ साली असा दाखला मिळवण्यासाठी नोंद झालेली ती जगातली पहिली रेल्वे ठरली. हे मी घरी सांगितले तेव्हा धाकटा म्हणाला, "म्हणजे आपण उपास करायचा आणि पुण्य दुसऱ्याने विकत घ्यायचं!" त्याचे अगदीच चूक नाही. या दाखल्यांवर पुढे टीका पुष्कळ झाली, भावही कोसळले. पण त्या निमित्ताने वाचलेली वीज मोजायची सवय लागली, हे मात्र खरे.

आता उन्हाकडे वळते. काळ्या निळ्या काचेच्या पाट्या आता इमारतींवर दिसू लागल्या आहेत. त्यांना सोलर पॅनेल म्हणतात. त्यांची जन्मकथा एखाद्या सासुरवाशिणीच्या कथेसारखी आहे. जन्म अमेरिकेत, १९५४ साली, बेल प्रयोगशाळेत. त्या वेळी अंगावर पडणाऱ्या उन्हाचे शंभरातले सहा हिस्से तिला विजेत बदलता येत आणि किंमत अशी की चार वर्षांनी आकाशात सोडलेल्या उपग्रहावर बसवण्यापलीकडे परवडेना. शिक्षण ऑस्ट्रेलियात. सिडनीच्या न्यू साऊथ वेल्स विद्यापीठात मार्टिन ग्रीन नावाचे प्राध्यापक आहेत. त्यांनी व त्यांच्या विद्यार्थ्यांनी तिला अधिकाधिक वीज द्यायला शिकवले. त्यांचाच एक चिनी विद्यार्थी, शी झंगरोंग, मायदेशी परतला आणि २००१ साली त्याने वूशी शहरात कारखाना काढला. पण माल घेणार कोण? तिकडे जर्मनीने २००० साली कायदा केला की घराच्या छपरावर जो कोणी वीज करील त्याची वीज ठरलेल्या चढ्या भावाने वीस वर्षे घेतली जाईल. जर्मन माणसांनी आपल्या विजेच्या बिलात त्यासाठी जास्त पैसे मोजले. त्या मागणीवर चीनमध्ये कारखान्यांमागून कारखाने निघाले आणि भाव उतरत गेले. २०१० नंतरच्या दहा वर्षांत दहा हिश्शांतले आठ नऊ हिस्से किंमत उतरली. त्या पहिल्या कारखान्याचे मात्र २०१३ साली दिवाळे वाजले. स्वस्ताई आणणारा स्वतःच स्वस्ताईत बुडाला, त्याचे मला वाईट वाटले.

आणि ही पाटी नांदायला आली आपल्या धुळे जिल्ह्यात. साक्री तालुक्यात शिवाजीनगर येथे महानिर्मितीचे १२५ मेगावॉटचे सौर वीजकेंद्र २०१३ साली सुरू झाले. त्याला कर्ज दिले जर्मन सरकारच्या विकास बँकेने. साक्रीकडचे ऊन किती कडक असते ते आमच्या जाऊबाईंना विचारा, त्या तिकडच्या. त्या म्हणतात, "आमच्याकडे उन्हाचं कौतुक कधी कुणी केलं नव्हतं, ते जर्मनांनी केलं." २०२५ च्या जानेवारीअखेर आपल्या देशातली सौर वीजकेंद्रे मिळून एक लाख मेगावॉटवर गेली. रात्री ती झोपतात, हे विसरू नये, म्हणून कोळशाची चूल अजून विझलेली नाही.

वीज नको, निव्वळ ऊन हवे असेल तर शिर्डीचे उदाहरण पाहा. आपल्यातल्या बहुतेकजणी बाबांच्या दर्शनाला जाऊन प्रसादालयात जेवलेल्या आहेत. त्या प्रसादालयाच्या छपरावर २००९ साली त्र्याहत्तर मोठ्या आरशांच्या तबकड्या बसवल्या. त्या दिवसभर सूर्याकडे तोंड करून हळूहळू फिरतात, ऊन एका ठिकाणी गोळा करतात, तिथे पाण्याची वाफ होते आणि ती वाफ खाली स्वयंपाकघरात भात आणि वरण शिजवते. या तबकडीची रचना वोल्फगांग शेफलर या ऑस्ट्रियन गृहस्थांची. त्यांनी पहिली तबकडी १९८६ साली आफ्रिकेतील केनियात उभारली. विशेष म्हणजे या रचनेवर त्यांनी हक्क राखून ठेवला नाही. गावच्या लोहाराला, वेल्डिंगवाल्याला करता यावी अशीच ती बेतली आणि ज्याला हवी त्याने करावी म्हणून मोकळी सोडली. युरोपात बसून आखलेले, केनियात करून पाहिलेले आणि शिर्डीत हजारोंच्या पानात वाढलेले असे हे काम आहे. कृती लपवून ठेवणाऱ्या सुगरणी आपण पाहतो. चकलीचे प्रमाण विचारले की "अंदाजानंच घालते गं" म्हणतात. त्यांनी या गृहस्थांकडे पाहावे. (इथे टाळ्या पडल्या. कोणाला उद्देशून ते मी सांगणार नाही.)

आता थोडे त्या मोठ्या परिषदांविषयी. त्यांत मला फारसे रमता आले नाही, म्हणून चटकन सांगते. २०१५ च्या डिसेंबरात पॅरिसला करार झाला की प्रत्येक देशाने आपापला आकडा आपण होऊन सांगावा आणि दर पाच वर्षांनी तो वाढवावा. त्याच परिषदेत भारत व फ्रान्स यांनी मिळून आंतरराष्ट्रीय सौर आघाडी काढली. तिची कचेरी दिल्लीजवळ गुरुग्रामला आहे. २०२१ साली भारताने सांगितले की २०७० पर्यंत आपण जितका कार्बन सोडू तितकाच शोषून घेऊ. अमेरिका या करारातून एकदा बाहेर पडली, २०२१ मध्ये परत आली आणि २०२५ च्या जानेवारीत पुन्हा बाहेर पडण्याची घोषणा तिने केली. आपल्या भिशीत एखादीने असे केले असते तर आपण तिला काय म्हटले असते ते इथे सांगायला नको.

पैशाचीही तीच कथा. श्रीमंत देशांनी २००९ साली कबूल केले होते की २०२० पर्यंत गरीब देशांसाठी वर्षाला शंभर अब्ज डॉलर उभे करू. ती रक्कम पुरी झाली २०२२ साली, दोन वर्षे उशिरा, आणि त्यातही कर्जच पुष्कळ. २०२४ साली बाकू येथे तीनशे अब्जांचा नवा आकडा ठरला, तोही २०३५ पर्यंत गाठायचा. भारताच्या प्रतिनिधी तिथे एक बाई होत्या. त्यांनी उभे राहून हा आकडा आम्हांला मान्य नाही असे स्पष्ट सांगितले. वर्गणी जाहीर करणाऱ्या पुष्कळ आणि पावती फाडणाऱ्या थोड्या, हा अनुभव आपल्या खजिनदारबाईंना नवीन नाही.

हे झाले जगाचे. आता मला जे खरे सांगायचे आहे ते आपल्या गच्चीचे आहे, आणि त्यासाठी मी राखून ठेवलेली दहा मिनिटे मला द्यावीत.

ठाणे काय, कल्याण-डोंबिवली काय, दोन्ही महापालिकांनी नव्या इमारतींवर उन्हाने पाणी तापवण्याचे यंत्र बसवण्याची अट घातली. म्हणून आपल्यापैकी पुष्कळजणींच्या गच्चीवर काचेच्या नळ्यांची रांग आणि वर एक आडवी टाकी असते. ती नळी म्हणजे एकात एक घातलेल्या दोन काचा, मधली हवा काढून टाकलेली, थर्मासच म्हणा ना! आतल्या काचेवर ऊन धरून ठेवणारा काळा लेप असतो. त्या लेपावर सिडनीच्या विद्यापीठात काम झाले आणि बीजिंगच्या त्सिंग्हुआ विद्यापीठात यिन झिछियांग या शास्त्रज्ञांनी १९८० नंतर तो स्वस्तात करण्याची रीत काढली. पाणी तापले की हलके होऊन आपले आपण टाकीत चढते. पंप नाही, वीज नाही.

हिशेब पाहा. शंभर लिटर पाणी पंचवीस अंशांवरून साठ अंशांवर न्यायला गिझरला चार युनिटे वीज लागते. म्हणजे सुमारे तीन किलो कार्बन वायू, आणि चार युनिटांचे पैसे. चौघांच्या घरच्या आंघोळी यात होतात. आमच्या इमारतीत बेचाळीस बिऱ्हाडे आहेत. रोज नाही, उन्हाळ्यात कोणी इतके गरम पाणी घेत नाही, पण पाऊस सोडून वर्षाचे चार पाच महिने धरले तरी किती होते ते घरी जाऊन मांडून पाहा.

आणि ही यंत्रे चालू किती? गेल्या महिन्यात मी आमच्या गल्लीतल्या सहा इमारतींच्या गच्च्यांवर जाऊन आले. दोन ठिकाणी चालू, चार ठिकाणी बंद. आमच्या इमारतीचे दुसऱ्याच वर्षी बंद पडले. बांधणाऱ्याने परवानगीपुरते बसवले होते. ज्या दुकानातून आणले ते दुकान उठून गेले. बोअरचे पाणी जड, त्याचा क्षार नळीत साठून दगड झाला. दोन नळ्या पतंगाच्या मांज्याच्या ओढाताणीत फुटल्या, आणि दोन फुटल्या म्हणून वीस सुक्या राहिल्या. त्यावर आता गाद्या वाळत घालतात. सिडनीत विचार झाला, बीजिंगला लेप झाला, जहाजाने नळ्या आल्या, पाचव्या मजल्यावर चढल्या आणि शंभर रुपयांच्या रबरी वायसरसाठी थांबल्या!

मी सोसायटीच्या सभेत हा विषय काढायचे ठरवले, तेव्हा कळले की मला सभेत बोलताच येत नाही, कारण जागा 'ह्यां'च्या नावावर आहे. गरम पाणी घेणार मी, गिझरचे बिल भरणार मी, गच्चीवर जाऊन पाहणार मी, आणि हात वर करणार ते! तेही त्या रविवारी झोपलेले. भगिनींनो, हे आपल्या बहुतेकजणींचे आहे. यावर उपाय कायद्यातच आहे. जागेवर आपले नाव जोडून घेता येते, आणि मुख्य सभासद हजर नसेल तर सहसभासदाला मत देता येते. कार्यकारिणीत बायकांसाठी राखीव जागाही असतात. त्या पुष्कळ ठिकाणी रिकाम्या राहतात, किंवा सही करण्यापुरते एखादीचे नाव घालतात. आमच्याकडची तशी एक जागा मी भरली. अर्ज सेक्रेटरींनी दोनदा वाचला.

२०२४ च्या फेब्रुवारीत केंद्र सरकारने सूर्यघर योजना काढली. तिच्यात घराच्या छपरावर तीन किलोवॉटची पॅनेले बसवणाऱ्याला ७८ हजार रुपयांपर्यंत मदत आहे. आपल्यासारख्यांचे छप्पर सामाईक, म्हणून सोसायटीला जिन्याचे दिवे, पंप आणि लिफ्ट यांच्या विजेसाठी दर किलोवॉटमागे १८ हजार रुपये मिळतात. दिवसा जास्त झालेली वीज मंडळाच्या, म्हणजे वीज मंडळाच्या, तारेत जाते आणि मीटरवर वजा होते. लोकल ब्रेक लावताना करते तेच. आमच्या सभेत यावर दोन तास वाद झाला. कोणी म्हणाले पावसाळ्यात काय, कोणी म्हणाले कबुतरे घाण करतील, तर वरच्या मजल्यावरचे म्हणाले आमच्या डोक्यावर ओझे नको. हे प्रश्न खोटे नाहीत. पावसाळ्यात वीज कमीच होते, पाट्या महिन्यातून दोनदा धुवाव्याच लागतात, आणि जुन्या इमारतीची गच्ची आधी इंजिनियरला दाखवल्याशिवाय एक खिळाही मारू नये. म्हणून मी तिथे म्हटले की नवे घेण्याआधी असलेले चालू करू. ते जमले नाही तर नव्याचेही तेच होईल. पाण्याच्या यंत्राच्या दुरुस्तीला सभेने मान्यता दिली. नळ्या आल्या आहेत, क्षार काढण्याचे काम चालू आहे. पाणी तापले की नाही ते मी पुढच्या मासिक सभेत सांगेन.

मंडळापुढे माझी मागणी अशी आहे. आपण सभासद भगिनी एकूण किती इमारतींतून येतो त्याची यादी करावी. प्रत्येक इमारतीत एकीने गच्चीवर जाऊन यंत्र आहे की नाही, चालू की बंद, नळ्या किती फुटल्या, पाणी बोअरचे की महापालिकेचे, एवढे लिहून आणावे. पंचवीस इमारतींची दुरुस्ती एकदम काढली तर कारागीर दर कमी करील, आणि नळ्या ठोक भावात मिळतील. साड्यांच्या बाबतीत आपण हे करतोच. किती पाणी तापते ते नोंदवायला वही चिटणीसबाईंकडे ठेवली आहे. महापालिकेच्या विद्युत विभागाकडे अर्ज कसा करायचा त्याचा मसुदाही माझ्या मुलीने टंकून ठेवला आहे, ज्यांना हवा त्यांनी चहाच्या वेळी घ्यावा.

गच्चीवर जाताना पायांत चपला असू द्याव्या, फुटलेल्या काचा असतात. आणि किल्ली वॉचमनकडे नसते, सेक्रेटरींकडे असते. ती आदल्या दिवशीच मागून ठेवावी.